दुर्बीण घालून घरी आल्यावर

अगं, मी तुला घाबरवायला बसलेले नाही. दिल्लीत एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर म्हणून उमेदीची वर्षं गेली माझी. बहुतेक माणसं चहा पिऊन घरी जातात. नुसती तपासणीची कोलोनोस्कोपी असेल तर आतड्याला भोक पडणं हजारात एखाद्याला, कदाचित त्याहूनही कमी. पण पडलंच, तर पुष्कळदा ते घरी आल्यावर कळतं, आणि घरी असतेस तू.

सासऱ्यांचं पोट दुखलं की लगेच पुदिनहरा पाजू नकोस. गॅसचं दुखणं वारा सरला की उतरतं. चढत जाणारं, ताप आणणारं, पोट फळीसारखं टणक करणारं दुखणं म्हणजे सरळ कॅज्युअल्टी. वरून दुर्बीण घातली असेल तर मानही चाचपून बघ. सुजली आणि दाबल्यावर करकरली, तर अन्ननलिकेतून हवा कातडीखाली शिरली असणार. मग पाण्याचा घोटही नको.

आणि डावा खांदा. हे सहसा कुणी सांगत नाही. कोलोनोस्कोपीत डावीकडच्या वळणावर आतडं ताणलं गेलं की क्वचित प्लीहेला चीर जाते. रक्त पोटात साचतं आणि दुखतो खांदा! घरचे आयोडेक्स चोळत बसतात. सोबत चक्कर, घाम असेल तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग, ‘काल कोलोनोस्कोपी झाली’. नाहीतर सगळे हृदयाच्याच मागे लागतील.

पित्तनळीतला खडा काढायची ईआरसीपी मात्र वेगळी. तिथे स्वादुपिंडाला सूज येणं दुर्मीळ नाहीच, शंभरात ३ ते १० जणांना येते. वरच्या पोटातून पाठीत जाणारी कळ ओळखून ठेव.

पॉलिप काढला तर दोन आठवडे दूरचा प्रवास नको. नागपूरचे पाहुणे दिल्लीच्या एम्सला दाखवायला येतात ते रात्रीचं परतीचं तिकीट काढूनच. रक्त कधी दहाव्या दिवशीही सुटतं. इटारसी-बैतूलच्या घाटात रेल्वेच्या डब्यात कोण बघणार? रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची, कधी सुरू करायची, दोन्ही तारखा डॉक्टरांकडून लिहून घे.

तिथे नोएडात काही झालं तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लाव. ऑफिसच्या वेळी दिल्लीकडे जाणाऱ्या डीएनडी रस्त्यावरून एम्सच गाठायचा हट्ट नको. सर्जन आणि सीटी स्कॅन असलेलं जवळचं हॉस्पिटल आधी. दुर्बिणीचा रिपोर्ट मात्र हातात हवा.

झोपेच्या इंजेक्शननंतर चोवीस तास गाडी नको, कागदावर सही नको. तुझे सासरे ‘मीच चालवतो’ म्हणणारच. किल्ली सकाळीच तुझ्या पर्समध्ये टाक.