हिवाळी बाजारातील टोपली

आठवडी बाजार तुम्ही सर्वांनीच पाहिला असेल. पण बाजार ही एक प्रयोगशाळाही आहे, असे कोणी म्हटले तर तुम्हांला नवल वाटेल. तिथे मापे आहेत, वजने आहेत, सजीवांचे नमुने आहेत आणि गणितही आहे. फक्त पाहण्याची दृष्टी हवी. या लेखात आपण पालघर जिल्ह्यातील सूर्यमाळच्या परिसरातला हिवाळी बाजार पाहू या आणि तेथील एका टोपलीत काय काय दडलेले असते याचा शोध घेऊ या.

हिवाळा: कुठे टंचाईचा, कुठे सुगीचा

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात जमीन गोठते. शेतात काही उगवत नाही. तेथील शेतकरी हिवाळी बाजारात प्रामुख्याने साठवणीचा माल आणतात: तळघरात ठेवलेले बटाटे, गाजरे, बीट, कोबी, सफरचंदे. आपल्याकडे चित्र उलटे आहे. पावसाळ्यात वाढलेले पीक कार्तिक-मार्गशीर्षात घरात येते. म्हणून हिवाळा हा आपला भरल्या कणगीचा ऋतू.

सूर्यमाळ हे मोखाडा तालुक्यातील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मोखाडा, खोडाळा आणि जव्हार ही या भागातील बाजारगावे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी लोकांची येथे वस्ती आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस या डोंगरांवर धो धो कोसळतो, पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात येथील अनेक पाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. साहजिकच बहुतेक कुटुंबांना वर्षाकाठी एकच पीक मिळते. हिवाळ्यात जे घरात आले, त्यावरच पुढचे वर्ष काढायचे असते. बाजारातील टोपलीकडे पाहताना ही गोष्ट आपण सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

टोपलीत काय आहे?

डोंगरउतारावरील हलक्या जमिनीला येथे वरकस जमीन म्हणतात. अशा जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई आणि तिसऱ्या वर्षी खुरासणी घ्यायची व मग जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यायचा, अशी जुनी रीत आहे. ही तिन्ही पिके हिवाळी बाजारात दिसतात.

नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेशातली. खुरासणीचे मूळही आफ्रिकेतच, इथिओपियात. दोन्ही पिके फार प्राचीन काळी भारतात आली आणि इथलीच झाली. वरई मात्र भारतातीलच मानली जाते. शहरात उपवासाला जी भगर खातात, ती या वरईचे टरफल काढून केलेली असते. नाचणी आणि वरई या दोन्ही वनस्पती कार्बन डायऑक्साइड काटकसरीने वापरणाऱ्या गटातील आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ‘सी-४’ वनस्पती म्हणतात. भात या गटात मोडत नाही. म्हणून जेथे भाताला पाणी पुरत नाही, अशा उतारावरही नाचणी तग धरते.

खुरासणीची पिवळी फुले पावसाळा सरता सरता डोंगर उजळून टाकतात. या फुलांना स्वतःच्याच झाडाचे पराग सहसा चालत नाहीत. मधमाश्यांनी दुसऱ्या झाडाचे पराग आणले तरच दाणे भरतात. म्हणजे खुरासणीचे तेल आणि चटणी यांत मधमाशीचाही वाटा असतो!

याशिवाय टोपलीत उडीद असतात, वालाच्या व तुरीच्या शेंगा असतात, कोनफळे, रताळी, मुळा आणि आवळे असतात. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. भाकरी आणि उडदाची आमटी हे जेवण एकमेकांची उणीव अशा रीतीने भरून काढते. नाचणीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. परंतु सोबत आवळ्याची चटणी असेल तर तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषले जाण्यास मदत करते.

दोन भाकरींचे गणित

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या सडलेल्या तांदळात ते केवळ ७ ते ८ मिलिग्रॅम असते. तुमच्या वयाच्या मुलामुलींना दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आता हिशेब करा. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरले, तर दोन भाकरींतून जवळजवळ ४३७ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तेवढ्याच तांदळाच्या भातातून मिळते जेमतेम ९ मिलिग्रॅम.

गंमत अशी, की ऊर्जेच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. उलट तांदळात ती थोडी जास्तच असते. म्हणजे नाचणीऐवजी नुसता भात खाल्ला तर पोट भरते, पण हाडे उपाशी राहतात. पोट भरलेले असल्यामुळे ही उपासमार ध्यानातही येत नाही.

कणगीतून काय बाहेर गेले?

आता टोपलीच्या पलीकडे पाहू. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्याला जोडून आलेल्या आजारांनी दगावली. सारा महाराष्ट्र हळहळला. जेथे नाचणी पिकते, तेथेच मुले कुपोषित का? याला एकच एक कारण नाही. थोडी जमीन, दूरचा दवाखाना, दूषित पाणी, रोजगारासाठी स्थलांतर अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. परंतु त्यांतील एक धागा बाजारातून जातो.

सुगी झाली की पैशाची निकड असते. मीठमिरची, औषधपाणी, एस.टी.चे भाडे, वह्यापुस्तके या सर्वांसाठी रोख रक्कम लागते. ती मिळवण्यासाठी धान्य बाजारात जाते, आणि तेही सगळ्यांचे एकाच वेळी आल्यामुळे भाव पडतो. पुढे आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते, तेव्हा तेच धान्य चढ्या भावाने घ्यावे लागते. याच महिन्यांसाठी महाराष्ट्र शासनाने १९७८ साली आदिवासी कुटुंबांकरिता खावटी कर्ज योजना सुरू केली होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य मिळू लागले आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. त्याने भुकेची धार निश्चितच कमी झाली. पण शिधावाटप दुकानात मिळतात मुख्यतः तांदूळ व गहू. नाचणीची उणीव त्यांनी भरून निघत नाही.

समजा, पाच माणसांच्या घरात रोज माणशी १०० ग्रॅम नाचणी लागते. म्हणजे दिवसाला अर्धा किलो. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांसाठी ६१ किलो नाचणी कणगीत राहायला हवी.

आता समजा, या कुटुंबाला हिवाळ्यात २६०० रुपयांची गरज पडली. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने नाचणीचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ४२९० रुपये, म्हणजे किलोला सुमारे ४३ रुपये ठरवला होता. या भावाने २६०० रुपयांसाठी सुमारे ६१ किलो नाचणी विकावी लागेल. पण गिऱ्हाइकाने घासाघीस करून भाव ३० रुपयांवर आणला तर? तेवढ्याच रकमेसाठी जवळजवळ ८७ किलो द्यावी लागेल. फरक २६ किलोंचा. रोज अर्धा किलो या हिशेबाने त्या घराची ही ५२ दिवसांची नाचणी झाली!

किलोमागे तेरा रुपये वाचवल्याचा आनंद घेऊन गिऱ्हाईक घरी जाते. पण ते तेरा रुपये कोणाच्या ताटातून आले, हे या गणिताने स्पष्ट होते. म्हणूनच बाजारहाटात चांगला माल ओळखण्याइतकेच योग्य भाव देणेही महत्त्वाचे आहे.

चांगला माल कसा ओळखावा?

योग्य भाव द्यायचा तर मालही योग्य हवा. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

*माप.* काही ठिकाणी अजूनही शेर, अधोली, पायली या मापांनी धान्य मोजतात. ही आकारमानाची मापे आहेत, वजनाची नव्हेत. माप हलवून, ठोकून भरले तर दाणे दाटीने बसतात आणि त्याच मापात जास्त धान्य मावते. म्हणून भाव मापाचा की किलोचा, हे आधी विचारावे.

*ओलावा.* दहा किलो धान्यात १८ टक्के पाणी असेल, तर कोरडे धान्य ८.२ किलो. पाणी १२ टक्के असेल, तर ८.८ किलो. म्हणजे ओल्या धान्यात आपण ६०० ग्रॅम पाणी जास्त विकत घेतो. शिवाय ओल्या धान्याला बुरशी लागते. नीट वाळवलेली नाचणी मात्र वर्षानुवर्षे टिकते. तिचा दाणा इतका बारीक, की किडीला त्याच्या आत वाढायला जागाच मिळत नाही.

*ताजेपणा.* तोडलेली भाजीसुद्धा श्वसन करीत असते आणि त्यात तिच्यातील साखर खर्च होते. तापमान १० अंशांनी उतरले की श्वसनाचा वेग साधारणतः निम्मा होतो. म्हणून थंडीत भाजी जास्त टिकते. पण हिवाळ्याची हवा कोरडी असते, तिने पाने लवकर सुकतात. यावर उपाय सोपा आहे: पालेभाजी ओलसर कापडात गुंडाळून सावलीत ठेवावी.

मोडांची किमया

लहान बाळाचे पोट छोट्या वाटीएवढे असते. त्याला नाचणीची पेज पातळ करून द्यावी तर पोट पाण्याने भरते, आणि घट्ट करून द्यावी तर ते गिळू शकत नाही. ही अडचण मोड आणल्याने सुटते. दाण्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते पिष्टमय पदार्थाचे लांब रेणू तोडते. मोड आलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ घट्ट पेजेत मिसळले, की पेज पातळ होते, पण तिच्यातील अन्न तेवढेच राहते! १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पिठांवर संशोधन केले. आपल्या घरोघरीचे नाचणीचे सत्त्व याच तत्त्वावर आधारलेले आहे. मोड आल्याने खनिजे अडवून धरणारे घटकही कमी होतात.

करून पाहा

१. कोरड्या काचेच्या बाटलीचा तिसरा हिस्सा धान्याने भरा. दोन-तीन चमचे कोरडे मीठ घाला, झाकण लावा आणि थोडा वेळ हलवा. मीठ काचेला चिकटले तर धान्यात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजा.

२. नाचणी बारा तास भिजवून कापडात बांधा. मोड आले की वाळवून, हलकी भाजून दळा. साध्या पिठाची घट्ट पेज दोन वाट्यांत घ्या. ती कोमट झाल्यावर एकीत हे पीठ चमचाभर टाका, दुसरीत साधे पीठ टाका. दहा मिनिटांनी दोन्ही ढवळून फरक नोंदवा. पेज उकळती असताना पीठ का टाकू नये, याचा विचार करा.

३. आपल्या गावच्या बाजारात पौषात आणि पुन्हा श्रावणात नाचणीचा भाव लिहून ठेवा. त्या वर्षीचा आधारभूत भाव शोधा आणि तिन्हींची तुलना करा.

४. २६०० रुपयांचे वरील गणित ३६ रुपये भावाने पुन्हा सोडवा. किती दिवसांची नाचणी घराबाहेर जाते?

शिक्षकांनी चौथ्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर सोडवून घ्यावे आणि त्यावर वर्गात चर्चा करावी. हे गणित एकदा हाताने सोडवले, की पुढच्या बाजाराच्या दिवशी टोपलीसमोर उभे राहून भाव विचारताना ते आपोआप आठवेल.