स्वस्त राउटर घेताना: अनुभवाचे बोल

कंपनी अपडेट द्यायची थांबते आणि धडधाकट राउटर असुरक्षित होऊन बसतो. त्याच राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चढवलं की तो पुढे कितीतरी वर्षं बिनघोर चालतो. माझ्याकडे वायफायला वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट आहे, म्हणून राउटर फक्त वायरचा लागतो. घरासाठी आणि मित्रमंडळींसाठी असे राउटर निवडताना जे उमगलं, ते इथे देतो.

१. आधी तक्ता, मग दुकान. ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर तक्त्यात मॉडेल नसेल, तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

२. व्हर्जन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. टीपी-लिंकच्या आर्चर सी६मध्ये दुसऱ्या व्हर्जनला क्वालकॉमची चिप आहे, तिसऱ्याला मीडियाटेकची. नाव तेच, फर्मवेअरची फाइल मात्र वेगळी. खोक्यावरच्या बारकोडजवळ किंवा राउटरच्या पाठीवरच्या लेबलवर ‘व्हर’ लिहून पुढे आकडा असतो. जुना माल घेताना त्या लेबलचा फोटो आधी मागवा.

३. मेमरीत काटकसर नको. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे राउटर आता बाद झाले. ८ आणि ६४वरही ओढाताण होते. किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम बघा.

४. जुनी, पारखलेली चिप चांगली. युबिक्विटीचा एजराउटर एक्स आणि मायक्रोटिकचा हेक्स आरबी७५०जीआर३, दोन्हींत एमटी७६२१ चिप, २५६ एमबी रॅम आणि पाच गिगाबिट पोर्ट आहेत. वायफाय नसल्यामुळे त्याच्या ड्रायव्हरची कटकटही नाही.

५. कस लागतो तो एसक्यूएम, म्हणजे नेटवरची गर्दी आवरणारी सोय, चालू केल्यावर. घरात कुणी फोटो अपलोड करायला लागलं की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. एसक्यूएममध्ये ‘केक’ ही पद्धत निवडून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवली की हा त्रास जातो. पण हे काम प्रोसेसरच्या मानेवर पडतं. १०० एमबीपीएसला एमटी७६२१ पुरते. ५००चं कनेक्शन असेल, तर नॅनोपाय आर४एससारखं दणकट यंत्र घ्या.

६. परतीची वाट आधी शोधा. फर्मवेअर बिघडलं तर टीएफटीपीने, म्हणजे संगणकावरून केबलने फाइल पाठवून, परत चढवता येतं का, ते त्या मॉडेलच्या पानावर वाचा. कंपनीचं मूळ फर्मवेअर उतरवून ठेवा. पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीच्या लॉगिनचं, युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक वहीत लिहा. नेट बंद पडल्यावर यातलं काहीच शोधता येत नाही.

७. वीज विसरू नका. एजराउटर एक्स आणि हेक्स हे दोन्ही राउटर १२ व्होल्टवर चालतात, म्हणजे बाजारातला साधा मिनी यूपीएस पुरतो. ओएनटीलाही, म्हणजे फायबरची तार जोडलेल्या डबीलाही, बॅकअप द्या, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद, अशी गत होते.

किंमत एकदाच मोजावी लागते, अपडेटची गरज मात्र राउटर चालतो तोवर राहते. म्हणून दोन राउटरमध्ये निवड अडली, तर ज्याच्यासाठी आजही नवं फर्मवेअर निघतंय तो घ्या.