धुरकट हवा आणि जुनाट श्वासविकार

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक चार शब्द लिहावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय निवडण्याची मोकळीकही त्यांनी दिली. आपल्या लष्करातील मंडळींची घरे मी चाळीस वर्षे वैद्यकीय व्यवसायाच्या निमित्ताने पाहिली आहेत. मार्गशीर्ष-पौषात रात्री-अपरात्री ज्या घरांतून बोलावणे येई, ती घरे बहुधा ठरलेलीच असत. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही.

आपण सरसकट ज्याला ‘दमा’ म्हणतो, त्यात दोन निरनिराळे विकार मिसळलेले असतात. खरा दमा पुष्कळदा लहानपणी सुरू होतो, येतो आणि जातो. दोन झटक्यांच्या मध्ये माणूस चांगला असतो. दुसरा विकार हळूहळू, बहुधा चाळिशीनंतर जडतो आणि मग सोडून जात नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याचे नाव ‘सीओपीडी’ असे असते. ह्यात श्वासनलिका आतून सुजून अरुंद होतात, त्यांत चिकट कफ साचतो, आणि फुप्फुसांतील वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजून फाटतात. निरोगी माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. एवढा साठा असल्यामुळे बरेचसे नष्ट होईपर्यंत रोग्याला कळतही नाही. जिना चढताना धाप लागू लागली की “वय झाले” म्हणून तो मनाचे समाधान करून घेतो.

आता अशा माणसाला वाईट हवा इतरांपेक्षा अधिक का बाधते ते पाहू. नळीतून हवा संथपणे वाहत असेल, तर नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर तिचा अडथळा दुप्पट होत नाही, तो सोळापट होतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. धुराने श्वासनलिकेचे अस्तर थोडेसे सुजले, तर तुमची-माझी रुंद नळी ते सहन करते. ज्याची नळी मुळातच अरुंद आहे, त्याचा मात्र तेवढ्याशा सुजेने जीव घाबरा होतो. दुसरे असे की, श्वासमार्गाच्या आतील बारीक लव एरवी धूळ व कफ वर ढकलून बाहेर काढीत असते. ह्या रोग्यांची ती लव आधीच थकलेली असते, आणि धुराने ती आणखी मंदावते. फुप्फुसांतील जंतुभक्षक पेशींचेही तेच होते. म्हणून धुरकट दिवसांनंतर दोन-चार दिवसांनी बेडका पिवळा-हिरवा होतो आणि ताप येतो. लोक त्याचा दोष थंडीला देतात.

धुरातील सर्वच कण सारखे उपद्रवी नसतात. मोठे कण नाकात व घशात अडकतात. अडीच मायक्रॉनांहून लहान असलेले कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

ह्या विषयाचा मोठा धडा जगाने लंडनमध्ये घेतला. १९५२ सालच्या डिसेंबरच्या ५ तारखेस त्या शहरावर थंड, स्थिर हवेचे झाकण बसले. घरोघरच्या शेगड्यांतील आणि वीजकेंद्रांतील दगडी कोळशाचा धूर त्याखाली कोंडला, आणि तो पाच दिवस हलला नाही. धुके घरांतही शिरले. एका नाट्यगृहात प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून संगीतिकेचा प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. पशुप्रदर्शनासाठी आणलेली काही धष्टपुष्ट जनावरे धापा टाकीत मेली. त्या धुक्यात नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसे अधिक दगावली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील महिन्यांतील मृत्यू हिशेबात घेऊन नंतरच्या संशोधकांनी तो आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. मेलेल्यांत वृद्ध आणि जुनाट खोकल्याचे रोगी फार होते. पुढे १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यानंतरचे एक साधे काम. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातील डॉ. पॅट्रिक लॉथर ह्यांनी जुनाट श्वासविकाराच्या रोग्यांना छोट्या वह्या दिल्या. कालच्यापेक्षा आज बरे, तसेच की वाईट, एवढीच खूण रोज करायची. मग ह्या खुणा त्या त्या दिवसाच्या धुराच्या व गंधकी वायूच्या मापाशेजारी मांडल्या. हवा बिघडली की वह्यांतील ‘वाईट’च्या खुणा वाढत. पुढे कायद्यामुळे शहरातील धूर कमी होत गेला, तसा हा संबंधही फिका पडत गेला. रोगी जे सांगत होते ते खरे होते!

आता घरचे लिहितो. माझ्या थोरल्या आत्याचे आयुष्य आमच्या वाड्याच्या मागल्या सोप्यात, चुलीपुढे गेले. धुराडे नावापुरते होते. फुंकणीने गोवऱ्या पेटवताना तिचे डोळे सदा लाल असत. तिने विडी-तंबाखूला कधी स्पर्श केला नाही. १९७१ च्या हिवाळ्यात तिच्या पायांवर सूज आली, ओठ निळसर झाले, आणि रात्री ती उशीला टेकून बसून राहू लागली. मी तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होतो. “आत्याबाई, वयोमान आहे,” असे मीच तिला म्हणालो. पौषात ती गेली. दिल्लीच्या डॉ. पद्मावती ह्यांनी १९५९ सालीच हे छापले होते की, फुप्फुसांच्या विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा आजार आपल्याकडे विडी न ओढणाऱ्या बायकांनाही पुरुषांइतकाच होतो आणि त्याचे कारण चुलीच्या धुरात शोधले पाहिजे. मी तो लेख पुढे दहा वर्षांनी वाचला.

चुली गेल्या, गॅस आला. तरी धूर घरातून गेला असे नाही. डास पळविण्याची एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दिवाळीतील शोभेच्या फटाक्यांची पुण्यात तपासणी झाली, तेव्हा सर्वांत अधिक सूक्ष्म कण निघाले ते मुलांच्या आवडत्या सापाच्या गोळीतून. देवघरातील उदबत्तीविषयी लिहिताना लेखणी अडखळते. पण घरात श्वासाचा रोगी असेल, तर समईवर भागवावे. देव रागावणार नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे तर निरोग्यासही प्राणघातक आहे.

आपल्या ग्वाल्हेरविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शहरांच्या हवेची जी यादी प्रसिद्ध केली, तीत सूक्ष्म कणांच्या बाबतीत आपले शहर जगात दुसरे होते. घनमीटरमागे वर्षाची सरासरी १७६ मायक्रोग्रॅम! आपल्या देशाची मर्यादा वर्षाला ४० आहे, आणि २०२१ पासून त्या संघटनेची शिफारस अवघी ५ आहे. यादीतील माप काही वर्षे आधीचे होते, आणि २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपल्या शहराचा समावेश आहे. तरीही हिवाळ्यातील सकाळ आपण सारे पाहतोच.

त्या सकाळीबद्दलच मला भांडायचे आहे. “डॉक्टर, आम्ही पहाटे पाचला फिरायला जातो, शुद्ध हवा मिळते,” असे कित्येक काका अभिमानाने सांगतात. वैशाखात ते ठीक आहे. पौषात रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा जड होते, आणि वरच्या उबदार थराखाली शहराचा सारा धूर कोंडून राहतो. ऊन्ह चढेपर्यंत तो सुटत नाही. ज्यांना श्वासविकार आहे त्यांनी थंडीत दहा-अकरानंतर, ऊन्ह लागल्यावर फिरावे, आणि रहदारीचा रस्ता टाळावा. चालणे बंद मात्र करू नये. स्नायू दुबळे झाले की धाप वाढते.

श्वासातून घ्यायच्या औषधाची ‘सवय लागते’ ही समजूत चुकीची आहे. बरे वाटते म्हणून ते सोडणारे रोगीच पौषात मला बोलावीत. शरद ऋतूतच इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी, न्युमोनियाच्या लसीबद्दलही विचारून ठेवावे. एन-९५ मुखपट्टी सूक्ष्म कण अडवते, पण फार धाप लागणाऱ्याला तिच्यातून श्वास घेणे जड जाते, तेव्हा वैद्याचा सल्ला हवा. प्राणवायूचे यंत्र घरी असेल, तर त्याचा काटा आपल्या मनाने वाढवू नये. काही रोग्यांत त्यामुळे कर्बवायू रक्तात साचून गुंगी येते. बेडक्याचा रंग बदलला किंवा धाप नेहमीहून वाढली, तर त्याच दिवशी दाखवावे. ओठ निळे पडणे, असंबद्ध बोलणे किंवा झोपाळूपणा ही लक्षणे दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

न्यासाच्या दवाखान्यात लॉथरसाहेबांच्या धर्तीवर छोट्या वह्या करून ठेवल्या आहेत. तारीख, ‘बरे-तसेच-वाईट’ ह्यांपैकी एक खूण, आणि त्या दिवशीचा हवेचा निर्देशांक, इतकेच रकाने आहेत. निर्देशांक घरातील नातवंडे मोबाइलवर पाहून सांगतील. कार्तिकापासून माघापर्यंत वही भरावी आणि तपासणीस येताना बरोबर आणावी. वहीला पैसे नाहीत.