सुषिर वाद्यें आणि दमसास

रत्नागिरीच्या बाजूस लग्नसराई सुरू झाली कीं पहांटेच सनई-चौघड्याचा नाद कानीं येऊं लागतो. मांडवाच्या दारीं बसलेल्या सनईवाल्याचे गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताठलेल्या आणि कपाळीं घाम आलेला पाहून, 'बिचाऱ्याच्या छातीवर केवढा हा ताण!' असे उद्गार सहज निघतात. पुढें शाळेच्या बँडासाठीं मुलानें बांसरी किंवा बिगूल हातीं घेतला म्हणजे हेंच भय आईबापांच्या मनांत उभें राहतें. त्यांतच पहिल्या दोन-चार दिवसांत मुलाला घेरी आली, तर वाद्य कायमचें खुंटीला लागतें. हें भय कितपत साधार आहे, आणि फुंकण्याच्या अभ्यासानें शरीरांत नेमका काय पालट होतो, हें आज आपण पाहूं.

प्रथम श्वासाचा हिशेब करूं. प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असतां एका श्वासाबरोबर सुमारें अर्धा लिटर हवा आंत घेतो. त्यानेंच छाती पूर्ण भरून मग ती होईल तितकी रिकामी केली, तर 4 ते 5 लिटर हवा बाहेर येते. म्हणजे एरवीं आपण आपल्या सामर्थ्याचा लहानसा अंशच उपयोगांत आणतों. वादकाला मात्र क्षणार्धांत पुष्कळ हवा आंत घेऊन ती कित्येक सेकंद एकसारखी सोडावी लागते. भरलेली छाती आपोआप आकसूं पाहते. तिला एकदम आकसूं न देतां, छाती व पोट यांमधला पडदा आणि बरगड्यांचे स्नायु आवरून धरतात. हवा कमी होत जाईल तसतसे पोटाचे स्नायु मागून नेट देतात. यालाच आपले गवई व वादक दमसास म्हणतात. तो बळानें फुंकून येत नाहीं. हवा जपून खर्चण्यानें येतो.

आतां घेरीचें कारण पाहूं. बांसरीला पत्ती नसते. नवशिक्याची पुष्कळशी हवा छिद्रावरून वायांच जाते, म्हणून तो भराभर व जोरानें श्वास घेतो आणि सोडतो. त्यामुळें रक्तांतील कर्बाम्लवायु प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोकें गरगरतें व बोटांना मुंग्या येतात. वाद्य खालीं ठेवून दोन मिनिटें शांतपणें श्वास घेतला कीं बहुधा हें आपोआप निवळतें. छाती दुबळी असल्याची ही खूण नव्हे.

सनईची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्या पत्तीची फट इतकी अरुंद कीं हवा थोडीच जाते, पण दाब मोठा लागतो. वादकाच्या छातींत हवा शिल्लक असते, परंतु ती वापरलेली असते. म्हणून त्यानें आधीं ती सोडून मग नवी घ्यावी लागते. सूर न तोडतां हें साधावें म्हणून तो गालांत हवा सांठवितो, गाल दाबून ती पत्तींत सोडतो आणि त्याच क्षणीं नाकानें श्वास आंत ओढतो. अखंड सूर धरणारा साथीदार याच युक्तीनें श्वास चालूं ठेवतो. मुलांना ही युक्ती पेल्यांतील पाण्यांत नळीनें बुडबुडे काढून शिकतां येईल. बुडबुडे थांबतां कामा नयेत.

अशा अभ्यासानें फुप्फुसें फुगून मोठीं होतात, ही समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. वाढतो तो स्नायूंचा जोर आणि त्यांवरील ताबा. ओठांभोंवतींचा स्नायु सर्वांआधीं थकतो. ओठ कांपूं लागले कीं विसांवा घ्यावा. शरीर आधींच कसलेलें असेल तर लाभ होतो. सुप्रसिद्ध बांसरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचे वडील पहिलवान होते, आणि बालपणीं आखाड्यांत घेतलेल्या मेहनतीचा आपणांस पुढें उपयोग झाला, असें ते सांगत आले आहेत.

घशाच्या स्नायूंनाही व्यायाम घडतो. झोपेंत घसा आकसून श्वास अडणाऱ्या 25 रोग्यांवर स्वित्झर्लंडमध्यें झालेला एक प्रयोग 2006 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील 14 जणांनीं ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचें डिजरिडू हें लांब पोकळ वाद्य चार महिने वाजविलें. त्यांतही सनईप्रमाणेंच श्वास अखंड ठेवावा लागतो. वाजविणारांची दिवसां येणारी झोप इतरांपेक्षां कमी झाली व श्वास अडण्याचे प्रसंगही घटले. प्रयोग लहान आहे. त्यावरून सनई हें औषध आहे असें कोणीं समजूं नये.

सावधगिरीही हवी. दाबानें फुंकतांना डोळ्यांतील दाब कांहीं काळ चढतो. म्हणून कांचबिंदु, हृदयविकार, दमा किंवा अंतर्गळ असलेल्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. आमच्या कोंकणांत आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे बुरशी. इंग्लंडांत मँचेस्टर येथें 61 वर्षांचा एक बॅगपाइपवादक फुप्फुसांच्या विकारानें दगावला. त्याच्या वाद्यांत बुरशी सांपडली व तीच विकाराचें संभाव्य कारण ठरली, असें 2016 सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. आपल्याकडे तर आषाढ-श्रावणांत कपाटांतील चामड्यालाही बुरशी धरते. तेव्हां वाजवून झाल्यावर वाद्य आंतून पुसावें, वाळवावें, आणि एकाची पत्ती दुसऱ्यानें तोंडांत धरूं नये.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, निरोगी मुलास या विद्येपासून भयानें परावृत्त करूं नये. आरंभीं पांच-पांच मिनिटें, मधें विसांवा, ताठ बैठक आणि मोकळा गळा, हा क्रम पुरेसा आहे. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या लग्नांत मांडवाच्या दाराशीं क्षणभर उभे राहा. ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं त्या सूर धरणाऱ्या साथीदाराचे गाल निरखा, आणि तो श्वास केव्हां घेतो तें ओळखण्याचा प्रयत्न करा.