किण्वाची वाढ आणि वाटणी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊस गाळला म्हणजे साखरेबरोबर मळी निघते. शंभर टनांमागें सुमारें चार ते पांच टन. माळेगांव व सोमेश्वर येथील सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलरींत तिचा मद्यार्क होतो. हें काम यंत्र करीत नाहीं. बाजारांत ज्यास यीस्ट म्हणतात तें किण्व करितें. आपल्या उसाचा भाव कांहीं अंशीं ज्या जीवावर अवलंबून आहे, त्याची ओळख भागधारक शेतकऱ्यास असावी असें आम्हांस वाटतें.

किण्व हा एकपेशीय जीव होय. पेशीस अंकुर फुटून एकीच्या दोन होतात. साखर पातळ व हवा भरपूर असेल तर तें अंग धरितें. हवा तुटली कीं मुख्यत्वें मद्यार्क करितें. म्हणून वाढीच्या भांड्यांत शुद्ध हवा सोडतात.

नळींतील चिमूटभर किण्व एकदम हौदांत टाकूं नये. उकळून सुमारें ३० अंशांपर्यंत निवविलेल्या मळीच्या पाण्यांत तें दहापटीनें वाढवावें: १० मिलिलिटरांतून १००, मग १ लिटर, मग १०. उडी मोठी घेतली तर किण्वाची संख्या भरण्यापूर्वींच रानटी जंतु साखर खाऊन रस आंबट करितात. १०० किलो द्राक्षशर्करेपासून फार तर ५१ किलो मद्यार्क होतो. प्रत्यक्ष उतारा फारच खालीं असेल, तर साखर कोणी खाल्ली हें वार्षिक सभेंत अवश्य विचारावें.

आतां वाटणी. आम्हीं दप्तरांत जमिनीच्या वाटण्या पुष्कळ नोंदविल्या. त्यांत प्रत्येक वांट्यास क्षेत्र कमीच येतें. किण्वाचा वांटा मात्र पुन्हां मूळच्याएवढा होतो. वाढ पुरी झाली म्हणजे भांडें थंड जागीं ठेवावें, गाळ बसूं द्यावा, वरचें पाणी काढावें व गाळ उकळलेल्या बाटल्यांत भरून ४ अंशांच्या थंडींत ठेवावा. एक बाटली मूळ म्हणून राखावी. पुढची वाढ त्या मुळापासून करावी, मागल्या हौदाच्या उरल्यापासून करीत जाऊं नये. प्रत्येक हस्तांतरांत भेसळीस वाव मिळतो.

ही शुद्धतेची रीत १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यांनीं लागर बिअरच्या किण्वावर सिद्ध केली. तें किण्व ८ ते १२ अंशांत सावकाश चालतें, म्हणून आरंभीं तें अधिक लागतें. मात्र हें वाचून कोणी घरीं बिअर लावूं नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून तो गुन्हा आहे.

बेण्यास लावण्याच्या द्रवरूप जिवाणु खतासही हाच न्याय. एक बाटली आणून गुळाच्या पाण्यांत वर्षानुवर्षें वाढवीत राहणाऱ्याच्या पिंपांत अखेर मूळचा जिवाणु किती उरतो, हें सांगणें कठीण. दर हंगामास नवी बाटली, तारीख पाहून, घ्यावी.