सुपारी फोडण्याआधी

लग्न जुळवण्याला आपण सोयरीक जमवणे म्हणतो. शब्द जुनाच आहे. पण सोयरीक जमवायची रीत गेल्या शंभर वर्षांत फार बदलली. ती कशी बदलली, आणि काय बदलायचे राहिले, ते आपण या धड्यात पाहू.

पणजीच्या वेळी

विसावे शतक सुरू झाले तेव्हा सोयरीक मोठी माणसे जमवीत. मध्यस्थ दोन्ही घरी हेलपाटे घाली. जात कोणती, कूळ कसे, जमीन किती, हे पाहिले जाई. मग बैठक बसे, सुपारी फुटे. सुपारी फुटली की शब्द पक्का.

नवरा-नवरीला कोणी विचारीत नसे. विचारणार तरी काय? पुष्कळ घरांत नवरी आठ-दहा वर्षांची असे. कधी कधी तर पाळण्यातल्या पोरांची लग्ने लागत. अंतरपाट दूर झाला की मगच एकमेकांचे तोंड दिसे.

त्या वेळी अनेक समाजांत मुलीच्या बापाला देज मिळे. पुढे शाळा निघाल्या, नोकऱ्या आल्या. शिकलेल्या मुलाचा भाव वाढला. देज मागे पडले आणि त्या घरांतही हुंडा शिरला. तेव्हा नवी रीत म्हणजे चांगलीच रीत, असे समजू नये.

रखमाबाईंचा नकार

रखमाबाई मुंबईच्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, पण त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला. रखमाबाई म्हणाल्या, हे लग्न मला कळत नव्हते तेव्हा झाले, मी नांदायला जाणार नाही. १८८७ साली कोर्टाने हुकूम दिला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली! सगळीकडे खळबळ उडाली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट इथे त्यांनी बायाबापड्यांची सेवा केली.

लग्नात मुलीचा होकार लागतो की नाही, हा सवाल त्यांनी साऱ्या देशापुढे मांडला.

कायदा आला

१९२९ साली सारडा कायदा झाला. मुलगी १४ वर्षांची आणि मुलगा १८ वर्षांचा झाल्याशिवाय लग्न करू नये, असे त्यात होते. १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला. तो लागू होण्याआधी पुष्कळांनी घाईघाईने लहान पोरांची लग्ने उरकून घेतली. कायदा कागदावर लवकर येतो, मनात यायला वेळ लागतो.

१९५४ साली विशेष विवाह कायदा झाला. जात किंवा धर्म वेगळा असला, तरी दोघांना नोंदणी करून लग्न करता येऊ लागले. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. जबरदस्तीने किंवा फसवून होकार घेतला असेल, तर ठराविक मुदतीत कोर्टात जाऊन लग्न रद्द करून घेता येते, हे त्यात आले. १९६१ साली हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा ठरले. १९७८ साली लग्नाचे वय वाढले. मुलीला १८ पुरी आणि मुलाला २१ पुरी पाहिजेत. आजही तेच वय आहे.

चहा-पोहे

मुली शाळेत जाऊ लागल्या, तशी लग्ने उशिरा होऊ लागली. पूर्वी मुलाचे वडीलधारे मुलगी पाहायला येत. पुढे मुलगा स्वतः येऊ लागला. चहा-पोहे झाले की दोघांना घटकाभर बोलू देऊ लागले. टपालाने फोटो येऊ लागले. साखरपुड्यानंतर पत्रे जाऊ लागली. शहरात कॉलेजात, कचेरीत ओळखी होऊन काही जण स्वतःच लग्न ठरवू लागले. आता तर मोबाइल आला, गावातली पोरेही त्यावर बोलतात.

काय राहिले?

दहा माणसांत पोरीला विचारतात, "काय गं, पसंत आहे ना?" पोरगी खाली मान घालते. लगेच कोणी तरी म्हणते, "लाजली! झालं, फोडा सुपारी."

गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. बैल घेताना आपण चारदा बाजार पाहतो. लेकीला जन्म काढायचा आहे, मग तिला एकदा तरी नीट विचारायला नको? आईने, आत्याने किंवा मावशीने तिला एकटीला विचारावे. ती "नको" म्हणाली, तर तिच्यावर डाफरू नये. मुलालाही असेच विचारावे. आणि हे सारे सुपारी फोडण्याआधी करावे. मागून विचारून काय उपयोग?

पोरगी १८ वर्षांची नसेल, तर विचारायचाही प्रश्न नाही. तिला शिकू द्यावे. असे लग्न कुठे ठरत असेल, तर १०९८ या नंबरावर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत.

नवे शब्द

संमती – होकार. मुदत – ठरवून दिलेला काळ. तडजोड – दोघांनी थोडे थोडे सोडून केलेला समेट.

घरी बोलून पाहा

१. तुमच्या आजीचे लग्न कितव्या वर्षी झाले? तिला कोणी विचारले होते का?
२. तुमच्या गावात पूर्वी देज होते की हुंडा?
३. तुमच्या लेकीला तुम्ही कधी आणि कसे विचाराल?