चॉकलेटचे पातेले आणि ओला चमचा

मुलांच्या हातून काम बिघडू नये, म्हणून वडील माणसे ते पुष्कळदा आपल्याच हाती घेतात. काम नीट होते खरे. परंतु ज्याने शिकावयाचे, ते मूल बाजूस उभे राहते. या दृष्टीने पुढील प्रसंग पालकसभेत सांगण्याजोगा आहे.

दिवाळीच्या सुटीत एक कुटुंब तालुक्याच्या गावी आत्याकडे गेले. सर्वांनी मिळून घरी चॉकलेटे करावयाची, असा बेत होता. आजी, आई, वडील, आत्या, पाचवीतील मुलगी व तिचा धाकटा भाऊ अशी सहा माणसे स्वयंपाकघरात जमली.

आत्याने ५०० ग्रॅमची 'कंपाउंड' चॉकलेटची लादी आणून ठेविली होती. कोकोच्या बियांतून निघणारी चरबी, म्हणजे कोकोलोणी, सुमारे ३४ अंश सेल्सियसला वितळते. हे शरीराच्या उष्णतेहून कमी असल्यामुळे शुद्ध चॉकलेट तोंडात विरते. 'कंपाउंड'मध्ये कोकोलोण्याऐवजी दुसरी वनस्पतिज चरबी असते. त्यामुळे तापमानाची फारशी काटेकोर काळजी न घेताही ते साच्यात चांगले थिजते.

चॉकलेट थेट आचेवर करपते. म्हणून आत्याने एका पातेल्यात पाणी तापवून आच बंद केली व त्यावर कोरडे भांडे अशा बेताने ठेविले की, त्याचा तळ पाण्यास लागू नये. पहिल्याने २०० ग्रॅम तुकडे त्यात घातले आणि ढवळण्याचे काम मुलीकडे दिले. मुलीने चमचा स्वच्छ धुतला. मात्र पुसला नाही. पाहता पाहता पातळ होत आलेले चॉकलेट आटले व त्याचा खरबरीत गोळा झाला.

"ठेव तो चमचा, मी करतो," वडील म्हणाले. मुलीचे डोळे भरून आले.

"दादा, चमचा तिच्याच हाती राहू दे," आत्या म्हणाली व मुलीकडे वळली, "भांड्यात काय गेले असेल, सांग पाहू."

मुलीने क्षणभर विचार केला. "चमचा ओला होता, आत्या."

तिचे उत्तर बरोबर होते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे व कोकोचे बारीक कण चरबीत कोरडेच असतात. थोडे पाणी मिळताच ते ओलसर होऊन परस्परांस चिकटतात. पिठीसाखरेत दोन थेंब पाणी पडले, तर गुठळ्या होतात. तेच पुरेसे पाणी घातले, तर पाक होतो. येथेही तोच उपाय चालला. मुलीने सुमारे ५० मिलिलिटर गरम दूध थोडे थोडे घालून ढवळले, तेव्हा गोळा सैल पडून गुळगुळीत झाला. तो आता साच्यात थिजण्याजोगा राहिला नव्हता. पण पोळीस लावून खाण्यास उत्तम झाला.

उरलेल्या ३०० ग्रॅमच्या वेळी मुलीने भांडे, चमचा व साचे कोरड्या फडक्याने स्वतः पुसले. दहा-दहा ग्रॅमच्या तीस वड्या झाल्या. प्रत्येकाच्या वाट्यास पाच आल्या. मध्येच वडिलांनी विचारले, "आता थोडे मी ढवळू का?"

"ढवळा, बाबा; पण आधी चमचा पुसून घ्या," मुलगी म्हणाली.

चमचा काढून घेतला असता, तर काम बिघडल्याची लाज तेवढी मुलीच्या मनात राहिली असती. तो हाती राहिल्याने बिघाडाचे कारण व त्यावरील उपाय, दोन्ही तिला कळले. शिक्षकांनी वर्गातही हेच धोरण ठेवावे. मात्र तापलेले पाणी व वाफ यांपाशी मोठ्या माणसाने जवळ उभे राहणे अवश्य आहे.

स्वाध्याय
१. पिठीसाखरेचे दोन समान भाग घ्या. एकात दोन थेंब व दुसऱ्यात दोन चमचे पाणी घाला. काय फरक दिसतो?
२. ४५० ग्रॅम चॉकलेटच्या १५ ग्रॅमच्या किती वड्या होतील?
३. कोकोची झाडे केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू या राज्यांत लावतात. नकाशात ही राज्ये दाखवा.
४. तुमच्या हातून बिघडलेले एखादे काम आठवा. ते का बिघडले व कसे सुधारले, हे पाच ओळींत लिहा.